कोपाचं कुंपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'स्त्रिया आणि पर्यावरण' या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. हा विषय निघाला की व्यासपीठावरून 'स्त्री म्हणजे निसर्ग, निसर्ग म्हणजे माता' असं काहीतरी बोललं जातं, टाळ्या पडतात आणि सरपणाचा भारा ज्या डोक्यावर असतो त्याच डोक्यावर राहतो. शिवाय मी समाजकार्य शिकलेली बाई, वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. झाडांची नावं मला गावातल्या बायकांनी शिकवली, तीसुद्धा माझ्या चुका काढून हसत हसत.

पण कोकणात बचत गटांच्या कामासाठी फिरताना एका जागेशी माझा पुन्हा पुन्हा संबंध आला. ती जागा म्हणजे देवराई. रत्नागिरीकडे तिला देवरहाटी म्हणतात, सिंधुदुर्गात नुसतं राय. अशाच एका रायेच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. आपण सगळ्याच जणी ती करू शकतो, म्हणून ती इथे सांगायची आहे. पण त्याआधी या जागेचं मोल काय, हे थोडं सांगते.

हवामान बदलतं, जंगल तुटतं, नद्या आटतात, तेव्हा त्या मुलखातले सगळे जीव एकदम नाहीसे होत नाहीत. एखादी खोल घळ, बारमाही झऱ्याचं उगमस्थान, डोंगराची सावलीतली कूस, नदीतला डोह, अशा ठिकाणी जुनी ओल आणि जुना गारवा मागे राहतो. बाहेरच्या बदलात जे जगू शकत नाहीत ते जीव तिथे तग धरतात. शास्त्रज्ञ अशा जागांना आश्रयस्थानं म्हणतात. आपण साधं आसरा म्हणू. गंमत पाहा, डोहात आणि झऱ्याशी राहणाऱ्या ज्या सात देवींना आपल्या बाया खणानारळानं पुजतात, त्यांनाही आसराच म्हणतात. त्या शब्दाचं मूळ अप्सरा असं सांगतात, तेव्हा दोन शब्दांचं कूळ वेगळं असेल. पण जागा बहुतेक वेळा एकच निघते.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड नावाचा डोह आहे. सह्याद्रीतल्या नद्या पावसाळ्यात वेड्यासारख्या वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांचे नुसते दगड उरतात. मग माशांनी जायचं कुठे? तर डोहात. वाळणकोंडचे मोठाले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. लोक वर उभे राहून चुरमुरे टाकतात. देशात बऱ्याच ठिकाणी दुर्मीळ होत चाललेला महसीर मासा तिथे टिकला, तो असा.

परदेशातली एक गोष्ट सांगते आणि लगेच परत येते. ऑस्ट्रेलियात सिडनीपासून फार लांब नसलेल्या एका अरुंद, खोल घळीत १९९४ साली एक झाड सापडलं, वोलेमी पाइन. अशी झाडं कधीच नामशेष झाली, असं जगभरचे लोक धरून चालले होते, कारण त्यांच्यासारख्या झाडांचे फक्त जीवाश्म माहीत होते. रानात तिची पूर्ण वाढलेली झाडं शंभराच्याही आत आहेत. तिथल्या सरकारनं ती जागा गुप्त ठेवली. २०१९-२० मध्ये प्रचंड वणवे लागले तेव्हा आग विझवणारी माणसं हेलिकॉप्टरनं त्या घळीत उतरली, झाडांभोवती पाणी खेळवलं आणि झाडं वाचवली. म्हणजे निसर्गानं दिलेल्या आसऱ्यालाही राखण लागते. त्यांनी राखण केली ती पत्ता लपवून. आपल्याकडे जागा सगळ्यांना माहीत होती, राखण केली ती देवाच्या कोपानं.

पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरून देवरायांचा अभ्यास केला. १९८१ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या २३३ देवरायांची यादी छापली. पुढे अनेकांनी त्यात भर घातली. आजूबाजूचा डोंगर बोडका झालेला आणि मधे एकरभर-दोन एकर गच्च रान, असं चित्र ठिकठिकाणी दिसलं.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे अशाच एका रायेत रानजायफळाची दलदल आहे. बारमाही पाण्यात, चिखलात उभी राहणारी ही झाडं. मुळांना चिखलात हवा मिळत नाही म्हणून ती गुडघा मुडपल्यासारखी वर येतात, पुन्हा खाली जातात. फुलझाडांमधल्या फार जुन्या कुळांपैकी हे एक. केरळ-कर्नाटकात अशा दलदली होत्या, त्यांतल्या कितीतरी भातशेतीसाठी आणि सुपारीच्या बागांसाठी गेल्या. महाराष्ट्रातल्या या दलदलीची शास्त्रीय नोंद २०१८ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र आहे २.५९ हेक्टर. साडेसहा एकरही नाही. या जायफळाचं बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. तेव्हा 'पुढे कधीतरी लावू' ही सोय इथे नाही. ती ओल गेली तर झाड गेलं.

आणखी एक, धनेश पक्ष्याचं. कोकणात त्याला माडगरुड म्हणतात. त्याला घरट्यासाठी मोठ्या, जुन्या झाडाची ढोली लागते आणि असं झाड आता बहुधा रायेतच मिळतं. मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, एक फट ठेवते. अंडी, पिल्लं हे सगळं होईपर्यंत कितीतरी आठवडे नर त्या फटीतून तिला भरवत राहतो. हे मी एका गटात सांगितलं तेव्हा एक काकी म्हणाल्या, "बाळंतपणाक म्हायेराक जावची गरजच नाय मगे!" दुसरी म्हणाली, "पण तो मेलो तर ती थयसरच मरतली." दोघींचंही बरोबर आहे. रायेतली फळं खाऊन बिया लांबवर टाकण्याचं कामही हाच पक्षी करतो. झाड, पक्षी आणि पाणी एकमेकांना धरून आहेत.

आपल्या जवळचा विषय म्हणून अशोकाबद्दल बोलते. बंगल्यापुढे सरळसोट उभा असतो तो नव्हे, तांबड्या-केशरी फुलांचा सीतेचा अशोक. त्याची साल अंगावरून जास्त जाण्याच्या तक्रारीवर आयुर्वेदात पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. औषधाला मागणी मोठी, साल मिळते ती बरीचशी रानातून. साल खरवडून नेली की झाड वाळतं. आज हे झाड धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे आणि बाजारात त्या खोट्या अशोकाची साल भेसळ म्हणून चालते. सह्याद्रीतल्या नरक्याची गतही तीच. त्यातून निघणाऱ्या द्रव्यापासून बनलेली औषधं अंडाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर वापरतात. त्यासाठी ही झाडं चोरून तोडली जातात. बायकांच्या आजारावरचं औषध ज्या रानात आहे, त्या रानाबद्दलच्या निर्णयात बाई कुठे आहे, असा प्रश्न मला तेव्हापासून पडायला लागला.

आता माझी चूक.

गावाचं नाव सांगत नाही. गावात एक राय, रायेत जांभ्या दगडाचं ठेंगणं देऊळ, वर कौलं. देवळामागे झरा. झऱ्याचं पाणी आधी वरच्या वाडीच्या पाणवठ्यावर आणि तिथून उतरून खाली बौद्धवाडीला. रायेतली सुकी फांदीसुद्धा उचलायची नाही, उचलली तर देव कोपतो. पाळीच्या दिवसांत बाईनं रायेच्या वाटेलाही जायचं नाही. खालच्या वाडीनं देवळापर्यंत यायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण पाळलं जात होतं.

मी नुकतीच एम.एस.डब्ल्यू. होऊन आले होते. उत्साह दांडगा. बचत गटाची बैठक संपली की मी अंधश्रद्धेवर बोलायची. एकदा भर बैठकीत विचारलं, "देव कोपताना कुणी पाहिलाय? झाड तोडल्यानं कुणी मेलंय?" कुणी बोललं नाही. दाराशी उभी असलेली कॉलेजातली दोन पोरं हसली. मला वाटलं, चला, निदान तरुणांना पटलं.

दोनेक वर्षांनी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी जमवली; कमी पडेल ती रक्कम झाडं विकून उभी करायची ठरली. सिमेंटचं देऊळ, सभामंडप, गाडी थेट दारापर्यंत जाईल असा रस्ता. रायेतल्या झाडाला हात लावायचा तर देवाचा कौल घ्यावा लागतो, तो घेतला. कौल लावणारे मानकरी पुरुष, गाऱ्हाणं घालणारे पुरुष, कौलाचा अर्थ सांगणारेही पुरुष. देवानं उजवा दिला. काही जणांनी कुरकुर केली, तर दाराशी हसलेल्या त्या पोरांपैकी एक, आता समितीचा सभासद, म्हणाला, "झाड तोडून कोप होत नाय, ह्या आमका ताईंनीच शिकवलानी."

पहिल्याच खेपेला १९ झाडं गेली. त्यात झऱ्यावरचे दोन अशोक होते.

मी त्या रात्री खूप अस्वस्थ होते. कोप खोटा आहे, असं मी आजही म्हणेन. भीतीवर उभी असलेली कुठलीही गोष्ट मला नको आहे. त्याच भीतीनं बाईला आणि खालच्या वाडीला बाहेर ठेवलं होतं. पण मी कुंपण काढलं आणि त्या जागी काय लावायचं याचा विचारच केला नाही. आणि ते कुंपण सगळ्यांना सारखं नव्हतंच. त्याला कौलाचं फाटक होतं आणि फाटकाची किल्ली ठरावीक घरांकडे होती, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नवीन देऊळ झालं. पायऱ्यांशी संगमरवरी फरशी बसवली, तिच्यावर अक्षरं कोरली: रजस्वला स्त्रियांस प्रवेश नाही. जुन्या देवळाला अशी पाटी कधी नव्हती. झाडांपुरता कोप संपला, बाईपुरता विटाळ मात्र पक्क्या दगडात आला.

पुढच्या उन्हाळ्यात झरा बारीक झाला. खालच्या वाडीचं पाणी आधी गेलं. हे झाडं तोडल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच वर्षी वरच्या अंगाला दोन बोअर मारल्या होत्या, पाऊसही लवकर थांबला होता. पण गच्च रानाखालची जमीन पालापाचोळ्यानं मऊ असते, पाऊस तिच्यात मुरतो आणि उन्हाळाभर थोडा थोडा बाहेर पडतो. उघड्या जांभ्यावर तोच पाऊस धावत खाली जातो. हे बायकांना सांगावं लागलं नाही. हंडा त्यांच्या डोक्यावर होता.

त्यांनीच विचारलं, आता काय करायचं? आम्ही कायदे काढून वाचले. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टर घरोघर फिरवून 'घेतली' जाते, तुम्हाला माहीत आहेच. २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि २००४ च्या नियमांनी तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असं घालून दिलं. आम्ही विचारायला गेलो, तर समिती होती! कागदावर. तिच्यातल्या एक बाई आमच्याच गटातल्या. त्यांना स्वतःला ते त्या दिवशी कळलं. सही त्यांचीच होती. कशावर केली ते आठवत नव्हतं.

मग शाळेत खरोखरीची महिला सभा झाली. वरच्या वाडीच्या आणि बौद्धवाडीच्या बाया एका सतरंजीवर बसल्या, ही त्या गावात लहान गोष्ट नव्हती. चाळीसेक जणी होत्या. तास दीड तास नुसता गोंधळ. एका सुनेनं सांगितलं, मी बोलले तर घरात घेणार नाहीत. तेवढ्यात सत्तरीच्या एक आजी उठल्या. गावात सुईणपण केलेली बाई. रायेतल्या गारंबीची बी उगाळून तिनं कित्येक बाळंतिणींना लावली असेल. त्या म्हणाल्या, "रायेतला पाणी तुमका चलता. त्या पाण्यान देवाची आंघोळ चलता. ता पाणी आमी भरून हाडलेला चलता. मगे आमी रायेत गेलेली कशी चलत नाय?"

ठराव असा झाला: उरलेल्या रायेतलं झाड तोडायचं नाही, झऱ्याभोवती बांधकाम नको, रस्ता रायेच्या बाहेर थांबवायचा, झऱ्यावर दोन्ही वाड्यांचा हक्क सारखा. आणि समितीतल्या बायकांना बैठकीची सूचना लेखी द्यायची. पाटी काढण्याचा मुद्दा ठरावात आला नाही. बायकांनीच नको म्हटलं, "एका वेळाक एक." मला ते तेव्हा रुचलं नाही, आजही पुरतं रुचत नाही. पण निर्णय त्यांचा होता. ग्रामसभेत ठराव मांडताना आरडाओरडा झाला, एकदा सभा मोडली, दुसऱ्या वेळी तो थोडा कापून मंजूर झाला. रस्ता थांबला. हक्काचं वाक्य कापलं गेलं. ते पुन्हा आणायचं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. बाई जात्याच निसर्गाच्या जवळची असते म्हणून हे घडलं, असं मी मानत नाही. पाणी भरणं, सरपण आणणं, कुणाचं तरी बाळंतपण करणं ही कामं तिच्या वाट्याला आली, म्हणून तिला ती जागा माहीत आहे. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ साली हेच मांडलं होतं, की स्त्रियांचं निसर्गाशी नातं त्यांच्या रोजच्या श्रमातून आणि वर्गातून घडतं. पुढे गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा त्यांनी अभ्यास केला. कार्यकारिणीत जिथे बायका पुरेशा संख्येनं होत्या, साधारण पाव ते एक तृतीयांश, तिथे त्या बोलू लागल्या आणि जंगलाची स्थितीही सुधारली, असं त्यांना दिसलं. एकटी बाई समितीत बसवली की ती चहा करते, हे आपण सगळ्या जाणतोच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, तो गावरान बियाण्यांच्या जतनासाठी. तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की बाजारातून गेलेली वालाची, भाताची बियाणी आदिवासी बायकांच्या घरात राखेत घोळून, मडक्यात ठेवून टिकली होती. तोही आसराच. फरक इतकाच, की परसात कुणाचा कौल लागत नाही.

आपल्यातल्या काही जणी आधारगृहाचं काम करतात. त्यांना हे लगेच कळेल. मारहाणीतून सुटून आलेली बाई आपल्याकडे सुरक्षित राहते, पण बाहेरचं घर तसंच राहिलं तर तिला जायला जागा नसते. रायेचंही तसंच आहे. दोन एकरांचं रान चहूबाजूंनी काजूच्या आणि रबराच्या लागवडीनं वेढलं की कडेनं सुकत आत येतं. वारा आत शिरतो, ऊन शिरतं, ओल मागे सरकते. पाऊस बेभरवशाचा होत चाललाय, तेव्हा हे आणखी वेगानं होणार. नुसती राय राखून भागणार नाही, तिच्या भोवतीचा डोंगरही थोडा तिच्यासारखा करावा लागेल. आमच्या गटानं अशोकाच्या शेंगांतल्या बिया ताज्या ताज्या पिशव्यांत लावल्या. पहिल्या वर्षी निम्म्या कोंबड्यांनी उकरल्या. दुसऱ्या वर्षीची रोपं झऱ्याच्या काठाला लावली आहेत. ती लावायला आत जाताना पाटीसमोरून जावं लागतं. त्या दिवशी कुणाची पाळी होती आणि कुणाची नव्हती, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

आणि झऱ्याची मापं घेणं सुरू आहे. दर आठवड्याला एक कळशी धारेखाली ठेवायची आणि भरेपर्यंत आकडे मोजायचे, एवढंच. वरच्या वाडीतली एक आणि बौद्धवाडीतली एक, अशा दोघींनी मिळून. झाडं तुटल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात कळशी भरायला नव्वदपर्यंत मोजावं लागलं होतं. सुईण आजी सांगतात की त्यांच्या लग्नानंतर पंचवीस म्हणेपर्यंत हंडा भरायचा, पण ते वहीत लिहिलेलं नाही. गेल्या मे महिन्यात आकडा चौऱ्याऐंशी होता. वही मी बरोबर आणली आहे. जेवणाच्या सुटीत बघा आणि तुमच्या गावच्या पाणवठ्यावर असं कुणी मोजतं का, तेही मला सांगा.